चारचं काय होतं ते बघा तरी!

अहो, आधी वही-पेन्सिल घ्या! खरंच घ्या, हातात असू द्या आणि मगच पुढे वाचा. मला जे सापडलंय ते नुसतं ऐकून कळत नाही, स्वतः लिहून बघावं लागतं, आणि एकदा लिहायला बसलात की उठवत नाही! पोळ्यापासून मी गोंदियात भेटेल त्याला हेच सांगतोय. हमालांना सांगितलं, चहाच्या टपरीवर सांगितलं, बायकोला तीनदा सांगितलं. आता तुमची पाळी.

मी गणितातला कोणी नाही. राईस मिलमध्ये हिशेब लिहितो. धान किती आलं, किती भरडलं, तांदूळ किती पडला, कनकी किती, कोंडा किती, बारदाना किती परत गेला. बेरीज, वजाबाकी, टक्केवारी, एवढंच माझं गणित. पण भाची नागपूरला गणितात एम.एस्सी. करते, ती पोळ्याला आली होती. दुपारी लाइट गेली, बाहेर धो धो पाऊस, आणि ती म्हणाली, "मामाजी, कापरेकरांचा आकडा माहीत आहे ना तुम्हाला?"

न माहीत असायला काय झालं! देवळालीचे शाळामास्तर दत्तात्रय रामचंद्र कापरेकर, आणि त्यांचा १९४९ सालचा ६१७४. चार अंकी संख्या घ्यायची, चारही अंक सारखे नकोत. अंक उतरते लावायचे, मग चढते लावायचे, मोठ्यातून लहान वजा करायची, आणि येईल त्याचं पुन्हा तेच. ३५२४ घ्या. ५४३२ वजा २३४५, ३०८७. मग ८७३० वजा ०३७८, ८३५२. मग ८५३२ वजा २३५८, ६१७४! कुठूनही निघा, सात पायऱ्यांच्या आत तिथेच!

"हे खरंच दर वेळी होतं, कशावरून?" भाचीनं विचारलं.

"दहा हजारांच्या आतल्याच तर संख्या आहेत. बसून एकेक तपासायची."

"मग आता असा खेळ सांगते, जो तपासून कधी संपणारच नाही."

आणि मग तिनं वही ओढली.

कुठलीही संख्या घ्या. ती दोनच्या घातांत मांडा, घातांकही दोनच्याच घातांत. मग जिथे जिथे २ दिसेल तिथे ३ लिहा, घातांकातसुद्धा! आणि एक वजा करा. जे येईल ते तीनच्या घातांत मांडा, सगळ्या ३ चे ४ करा, एक वजा. मग ४ चे ५, एक वजा. मग ५ चे ६. शून्य आलं की खेळ संपला. बस, एवढंच! पोरंटोरं खेळतील असं!

३ घेऊन बघू. ३ म्हणजे २ अधिक १. दोनाचा तीन केला, ३ अधिक १, वजा एक, ३. या तीनाचा ४, वजा एक, पुन्हा ३! पण आता पाळी चारची आहे आणि आपल्याकडे ३ च आहेत, म्हणजे सगळे सुटे, त्यांत बदलायला काही नाही. नुसता एकेक कमी होणार. २, १, ०. संपलं!

"यात काय विशेष?" मी म्हटलं.

"आता ४ घ्या," ती म्हणाली.

४ म्हणजे २ चा २ रा घात. दोन्ही दोनांचे तीन केले, ३ चा ३ रा घात, २७. वजा एक, २६. बापरे! मग ४१. मग ६०. मग ८३. मग १०९. मग १३९. मी पेन्सिल सोडेना, पान भरलं, दुसरं भरलं, आणि आकडा आपला वाढतोय, वाढतोय, आणि मग मी म्हटलं, हा काही शून्याला जात नाही, हा तर पळाला!

"जातो मामाजी. शून्यालाच जातो."

"कधी?"

तर ऐका! ज्या पायरीला तो शून्याला पोचतो, त्या पायरीच्या नुसत्या क्रमांकात १२ कोटी १२ लाखांहून जास्त अंक आहेत! पायऱ्या तेवढ्या नाहीत हो, पायऱ्यांचा आकडा लिहायला तेवढे अंक लागतात! हिशेबाच्या वहीत एका पानावर हजार अंक बसवले तरी एक लाख एकवीस हजार पानं! ४ साठी! तीनासाठी पाच पायऱ्या, आणि चारासाठी हे! आणि ४ च नाही, कुठलीही संख्या घ्या, कोटी घ्या, परार्ध घ्या, शेवटी शून्य येतंच. रुबेन गुडस्टीन नावाच्या इंग्रज गणितज्ञानं १९४४ मध्ये हे सिद्ध केलं.

मला पटेना. वाढणारी गोष्ट संपेल कशी? आणि मग भाची म्हणाली, "बेरीज करूच नका. २६ असं लिहू नका. माल कसा आहे तसा लिहा."

आणि इथे माझे डोळे उघडले, कारण हे तर माझं रोजचं काम!

२६ म्हणजे काय? दोन नऊ, दोन तीन आणि दोन सुटे. आता सुट्यांना म्हणू कट्टे, मधल्यांना थप्प्या आणि मोठ्यांना वॅगन. २ वॅगन, २ थप्प्या, २ कट्टे. आता पुढचे आकडे असेच लिहून बघा. ४१ म्हणजे दोन सोळा, दोन चार, एक सुटा: २ वॅगन, २ थप्प्या, १ कट्टा. ६० म्हणजे २ वॅगन, २ थप्प्या, कट्टा नाही. आता एक कमी करायचा आणि सुटा कट्टाच नाही, मग काय करणार? थप्पी मोडणार! ८३: २ वॅगन, १ थप्पी, ५ कट्टे. १०९: २ वॅगन, १ थप्पी, ४ कट्टे. १३९: २ वॅगन, १ थप्पी, ३ कट्टे.

दिसलं का? दिसलं ना! आकडा फुगतोय आणि माल उतरतोय! २-२-२, २-२-१, २-२-०, २-१-५, २-१-४, २-१-३. आकडा फुगतो तो एवढ्याचसाठी की दर पायरीला थप्पीत बसणारे कट्टे एकानं वाढतात. गोदामातही तसंच असतं, थप्पी म्हणजे इतकेच कट्टे असं कुठे ठरलेलं आहे? जागा असेल तशी लावतात. पण मोडलेली थप्पी परत येत नाही! मोडताना तिच्यातून पाच कट्टे निघोत की पाच कोटी, जो आकडा निघाला तो निघाला, आता तो उतरणार आणि संपणार. मग दुसरी थप्पी मोडणार. मग वॅगन मोडणार, तिच्यातून ढीगभर थप्प्या निघणार, पण त्याही मोजक्या, त्याही संपणार. आणि सुरुवातीचा ४? २ चा २ रा घात? ती मालधक्क्यावर उभी असलेली अख्खी रेक! पहिल्याच पायरीला ती मोडली आणि २ वॅगन, २ थप्प्या, २ कट्टे हाती आले.

मोठ्या संख्या घेतल्या की रेकच्याही वर मजले लागतात. घाताच्या डोक्यावर घात, त्याच्या डोक्यावर घात, मडक्यांच्या उतरंडीसारखं. गणितवाले थप्पीला ओमेगा म्हणतात, रेकला ओमेगाचा ओमेगावा घात म्हणतात, आणि अशा सगळ्या उतरंडींच्या वर, पहिलीच जागा जिथे कुठलीच उतरंड पोचत नाही, तिला म्हणतात एप्सिलॉन-शून्य. नाव घाबरवतं, पण गोष्ट मालाचीच आहे!

मी खूश. म्हटलं, झालं की सिद्ध! माल उतरत जातो, म्हणून संपतो.

"सिद्ध झालं," भाची म्हणाली, "पण कशाच्या जोरावर?"

आणि मग तिनं जे सांगितलं त्यानं माझी त्या रात्रीची झोप गेली.

आपण शाळेत जे अंकगणित शिकलो त्याचे मूळ नियम इटलीच्या ज्युझेप्पे पेआनोनं १८८९ मध्ये मांडले. मोजकेच आहेत. शून्य आहे, प्रत्येक संख्येच्या पुढे एक संख्या आहे, बेरीज अशी, गुणाकार असा. आणि एक मोठा नियम: एखादी गोष्ट शून्याला लागू असेल, आणि एका संख्येला लागू असली की पुढच्या संख्येलाही लागू होत असेल, तर ती सगळ्यांना लागू. संख्यांबद्दल आपण रोज जे खरं म्हणतो ते जवळजवळ सगळं यातून निघतं. आणि १९८२ मध्ये लॉरेन्स कर्बी आणि जेफ पॅरिस या दोघांनी दाखवलं की, या नियमांत आपसांत विरोध नसेल तर, गुडस्टीनचं म्हणणं या नियमांतून सिद्ध होऊच शकत नाही!

कुणाला जमलं नाही असं नव्हे! होऊच शकत नाही! आणि ते खरं आहे! आपण आत्ता थप्प्या मोडून बघितलं ना!

आणि याच्याहून भारी ऐका. ४ साठी या नियमांतून सिद्ध करता येतं. ५ साठी येतं. तुम्ही बोट ठेवाल त्या एका संख्येपुरतं येतं! पण "सगळ्या संख्या" म्हटलं की हात पोचत नाही. कारण एकेका मजल्यापर्यंतचा माल संपतो हे नियमांना समजावता येतं, रेक समजावता येते, रेकच्या वरची उतरंडही येते, पण सगळ्या उतरंडी एकदम, म्हणजे एप्सिलॉन-शून्यपर्यंतचा माल, हे त्यांच्या आवाक्याबाहेर. बरोबर तिथेच त्यांचा हात संपतो!

म्हणजे नियमांची उंची मोजता येते! मला हे इतकं आवडलंय की काय सांगू! आपण म्हणतो, हा पैलवान दीड क्विंटल उचलतो, त्यावर आणखी दोन कट्टे ठेवले तर उचलणार नाही. तसं नियमांच्या प्रत्येक संचाबद्दल सांगता येतं की इथपर्यंतचा माल हा संपवून दाखवेल, याच्या पुढचा नाही. पेआनोचे नियम थोडे पातळ केले, पायरीपायरीनं साधे हिशेब करण्यापुरतेच ठेवले, तर उंची किती उरते? एक रेक! रेकच्या खालचा सगळा माल जमतो, रेक जमत नाही!

पेआनोची उंची शोधणारा जर्मन माणूस गेऱ्हार्ड गेन्ट्सेन. त्याच्या आधी, १९३१ मध्ये, कुर्ट ग्योडेलनं सांगून ठेवलं होतं की अंकगणित पेलणारे नियम, ते सुसंगत असतील तर, स्वतःच्या सुसंगतीची हमी स्वतः देऊ शकत नाहीत. म्हणजे स्वतःचा जामीन स्वतः राहता येत नाही. मग १९३६ मध्ये गेन्ट्सेननं विचारलं, जामीन राहायला बाहेरून नेमकं किती लागतं? उत्तर निघालं: एप्सिलॉन-शून्यपर्यंतचा माल उतरत उतरत संपतो, एवढं मान्य करा, बाकी साध्या हिशेबात बसतं! या माणसाबद्दल वाचलं तेव्हा मन घोटाळलं. नाझी पक्षाचा सभासद होता. युद्ध संपल्यावर प्रागच्या तुरुंगात, १९४५ च्या ऑगस्टमध्ये, उपासमारीनं गेला, वय ३५. शोध मात्र असा की नव्वद वर्षांनी गोंदियात पावसाच्या दुपारी कोणीतरी त्यावर हिशेबाची वही भरवतंय!

आणि ही शिडी पेआनोपाशी संपत नाही! वर आणखी दणकट नियम आहेत, त्यांतल्या एका संचाची उंची गामा-शून्य, ती सॉलोमन फेफरमन आणि कुर्ट शुट्टे यांनी वेगवेगळं काम करून १९६० च्या दशकात काढली. आणि मग जोसेफ क्रस्कल यांचं १९६० सालचं झाडांबद्दलचं एक प्रमेय आहे, कागदावर काढायच्या फांद्याफांद्यांच्या झाडांचं, ते त्या गामा-शून्याच्याही हातात येत नाही, असं हार्वी फ्रीडमन यांनी दाखवलं. झाडं!

झाडांवरून आठवलं, कर्बी आणि पॅरिस यांनी त्याच १९८२ च्या लेखात आणखी एक खेळ दिलाय, तो तर आमच्याकडे लगेच कळेल. इथे तेंदूच्या हंगामाआधी झुडपं छाटतात, म्हणजे कोवळी पानं भरपूर फुटतात. तसंच एक झाड कागदावर काढा. एक टोक छाटा. मग ते टोक जिथे लागलेलं होतं तिथून एक पेर खाली उतरा आणि तिथून फुटणारी, आता थोडी खुरटलेली फांदी जशीच्या तशी पुन्हा फुटू द्या: पहिल्या छाटणीला एक नवी, दुसरीला दोन, शंभरावीला शंभर! थेट बुंध्याला लागलेलं टोक छाटलं तरच काही फुटत नाही. वाटतं ना, हे झाड रान होणार? आणि होतंच रान, आधी! पण कशीही छाटा, डोळे मिटून छाटा, शेवटी झाड संपतंच! तुम्ही हरूच शकत नाही! आणि हेसुद्धा पेआनोच्या नियमांतून सिद्ध होत नाही, कारण इथेही उंची तीच, एप्सिलॉन-शून्य. फांद्या वाढल्या तरी प्रत्येक छाटणीत माल उतरतोच.

भाची दुसऱ्या दिवशी नागपूरला गेली. जाताना स्टेशनावर गाडी हलली तेव्हा खिडकीतून ओरडली, "मामाजी, ५ घेऊन बघा!"

तर मी ५ घेऊन बसलोय. तुम्ही ४ चा धागा पकडा. १३९ नंतर तुमचा आकडा १७३ येतोय का बघा, आणि माल २ वॅगन, १ थप्पी, २ कट्टे लागतोय का बघा. लागला तर बरोबर चाललंय, पुढे जा. माझा ५ असा चाललाय: २७, मग २५५, मग ४६७. पहिल्या पायरीला एक सुटा कट्टा होता तो गेला, रेक तशीच उभी राहिली. दुसऱ्या पायरीला ती मोडली, आणि या वेळी तिच्यातून तीन नाही, चार मजले निघाले! वॅगनच्याही वर एक! ३-३-३-३! आणि ४६७ ला ३-३-३-२! मला अजून त्या वरच्या मजल्याला नावच सापडलेलं नाही!