खुलताबादेत चार दिवस

आमच्या घनसावंगी भागातील माणसे खुलताबादला जातात ती दोन निमित्तांनी. एक उरूस आणि दुसरे वेरूळची सहल. सहलीची गाडी लेणी पाहून घाट चढते, औरंगजेबाच्या कबरीपाशी पंधरा-वीस मिनिटे थांबते आणि दिवस मावळायच्या आत परतीला लागते. त्यामुळे खुलताबाद म्हणजे एक कबर, असा आपला समज होऊन बसला आहे. दिवाळीच्या सुट्टीत पाठीवर एक पिशवी टाकून मी तिथे चार दिवस राहिलो. थंड हवा हवी होती आणि कसलीही घाई नको होती. ‘चार दिवस तिथे पाहणार काय?’ असे घरच्यांनी विचारले होते. खरे तर चार दिवसही कमीच पडले.

अंबड, जालना करत छत्रपती संभाजीनगर गाठायचे आणि तिथून खुलताबादची एसटी धरायची. अंतर साधारण 25 किलोमीटर. दौलताबादचा किल्ला मागे पडतो, हातकागदासाठी प्रसिद्ध असलेले कागजीपुरा लागते आणि गाडी डोंगर चढू लागते. या दिवसांत रस्त्याच्या कडेला सीताफळांच्या पाट्या मांडलेल्या असतात. वर पोहोचल्यावर हवा बदललेली लगेच कळते. पहाटे फज्रच्या नमाजला जाताना शाल लागते.

गाव लहान आहे, पायी फिरण्यासारखे. जुना तट आणि वेशी अजून जागोजागी उभ्या आहेत. या गावाचे जुने नाव रौजा. मुहम्मद तुघलकाने 1327 मध्ये राजधानी दिल्लीहून दौलताबादला हलवली, तेव्हा सुलतानाच्या माणसांबरोबर सूफीही दख्खनमध्ये आले. हजरत निजामुद्दीन औलिया (रह.) यांचे शिष्य हजरत बुऱ्हानुद्दीन गरीब (रह.) त्यांपैकीच. 1337 मध्ये त्यांचे निधन झाले आणि ते इथेच दफन झाले. निजामुद्दीन औलियांच्या मजलिशींतील बोल ‘फवाइद-उल-फुआद’मध्ये टिपून ठेवणारे अमीर हसन सिज्झी हेही याच मातीत आहेत. दिल्लीच्या खानकाहची एक शाखा आपल्या मराठवाड्यात रुजली, ती या डोंगरावर.

हजरत जैनुद्दीन शिराजी (रह.) यांच्या दर्ग्याच्या आवारात औरंगजेबाची कबर आहे. 1707 मध्ये अहमदनगरजवळ त्याचे निधन झाले. त्याच्या इच्छेप्रमाणे कबर साधी आणि उघड्या आभाळाखाली ठेवली गेली. भोवतीची संगमरवरी जाळी बऱ्याच नंतरची, निजामाच्या राजवटीतली. मरणोत्तर त्याला ‘खुल्द-मकान’ म्हणू लागले, म्हणजे ज्याचे घर जन्नतमध्ये आहे असा. गावाचे आजचे नाव त्यावरून पडले. हैदराबादच्या निजाम घराण्याचा संस्थापक आसफजाह पहिला याची कबरही गावातच, बुऱ्हानुद्दीन (रह.) यांच्या दर्ग्यात आहे. एवढ्या मोठ्या सत्ताधीशांनीही शेवटी फकिरांच्या पायाशी जागा मागितली.

मला सर्वांत जास्त वेळ थांबावेसे वाटले ते मलिक अंबरच्या मकबऱ्यापाशी. तो वस्तीबाहेर आहे आणि तिकडे सहसा कोणी फिरकत नाही. हबश देशात जन्मलेला, गुलाम म्हणून विकला गेलेला हा माणूस निजामशाहीचा वजीर झाला. 1610 मध्ये त्याने खडकी शहर वसवले. तेच पुढे औरंगाबाद आणि आता छत्रपती संभाजीनगर झाले. शहराला पाणी मिळावे म्हणून त्याने जमिनीखालून नहर आणली. 1624 मध्ये भातवडीच्या लढाईत शहाजीराजे भोसले त्याच्या बाजूने लढले. त्या भोसल्यांचे वेरूळ याच घाटाच्या पायथ्याशी आहे. आमच्या तालुक्यातील जांब गावी 1608 मध्ये समर्थ रामदास जन्मले, तो काळही हाच. पाठ्यपुस्तकात वेगवेगळ्या पानांवर वाचलेली ही नावे इथे बसल्यावर एकाच मुलखातली, एकमेकांच्या शेजारची वाटू लागतात.

गावात भद्रा मारुतीचे मंदिर आहे. मूर्ती निद्रिस्त अवस्थेतली. श्रावणातल्या शनिवारी आणि हनुमान जयंतीला दूरदूरचे भाविक रात्रभर पायी चालत येतात. जवळच्या शूलिभंजनच्या डोंगरावर संत एकनाथांची तपोभूमी मानतात आणि त्याच परिसरात परी तलावाकाठी हजरत गंज रवाँ (रह.) यांचा दर्गा आहे. एका सकाळी चालत निघालो आणि दोन्ही ठिकाणे पाहून आलो. वाटेत एका शेतकऱ्याने पाणी दिले आणि तलावाची वाट दाखवली. कुठून आलो एवढेच त्याने विचारले.

2025 च्या मार्चमध्ये औरंगजेबाच्या कबरीवरून राज्यभर वाद पेटला होता. कबरीला पोलिसांचा पहारा लागला आणि गावाचे नाव रोज बातम्यांत येऊ लागले. ज्या टपरीवर मी रोज चहा घेत होतो, तिथले चाचा म्हणाले, “बेटा, भांडण बाहेरच्यांचं होतं, गिऱ्हाईक आमचं तुटलं. मारुतीला येणारेही आमचेच गिऱ्हाईक आणि उरुसाला येणारेही. रस्ता ओस पडला की दोघांचीही दुकानं बसतात.” त्यांच्या बोलण्यात राग नव्हता, थकवा होता. बातम्या पाहून खुलताबाद ओळखणाऱ्यांना या गावातली एकच कबर माहीत आहे. दहा मिनिटे थांबून परतणाऱ्या आपल्यासारख्यांनाही तीच.

म्हणून वाचकांना सुचवावेसे वाटते, की निदान दोन रात्रींचा मुक्काम करा आणि मुलांना सोबत न्या. एक सकाळ दर्ग्यांसाठी ठेवा, एक मलिक अंबरसाठी. दुपारी बनी बेगमच्या बागेत सावलीला बसा. हवा चांगली असेल तर एक दिवस काढून म्हैसमाळला जा, अंतर सुमारे 12 किलोमीटर आहे. जियारतीला जाताना आवाज खाली ठेवा, कचरा परत आणा आणि फोटोआधी फातिहा पढा. चहा, फुले, फळे गावातूनच घ्या. कबरींची जियारत आखिरतची आठवण करून देते, असे आपल्याला शिकवले आहे. ती आठवण यायलाही थोडा निवांतपणा लागतो आणि खुलताबादेत तो भरपूर मिळतो.