मसूर पुलाव

दिवाळीच्या सुट्टीत चिपळूणला माहेरी आले. अब्बा गेल्यापासून अम्मीचं जेवणावरचं मन उडालं होतं. मसूर पुलाव करायला घेतला. सोपा, एका पातेल्यात सगळ्या घराचं भागतं. भिजवलेल्या मसुरांत माझ्या अडीच वर्षांच्या लेकीनं कोपरापर्यंत हात बुडवले. मूठभर मसूर जमिनीवर! ओरडणार होते, पण शाळेत वर्षभर तेच करते. उकडलेले मसूर, अर्धा कच्चा भात, तळलेला कांदा असे थर लावले. कांदा बाईसाहेबांनी आधीच निम्मा फस्त केला होता. पातेलं तव्यावर ठेवून 20 मिनिटं दम दिला.

“नानी, मी केलं,” म्हणत तिनं ताट पुढे सरकवलं.

अम्मीनं घास घेतला. “मीठ कमी आहे गं,” म्हणाली, आणि आणखी वाढून घेतलं.