झापाचं छप्पर

नारळाच्या झापाचं आयुष्य एका उन्हाळ्याचं. वेंगुर्ल्याकडच्या आमच्या घरी पाऊस सरला की चुडतं व्हाळात भिजत घालायची, मऊ झाली की मधून चिरून विणायची आणि त्या झापांनी खळ्यात माटव घालायचा. आजी विणायला बसली की बघत राहावं. तोंड शेजारणीशी बोलत असायचं, नजर वाटेवर, आणि हाताखाली झाप आपोआप लांबत चाललेला. मृगाच्या आधी माटव उतरवायचा. त्यातल्या त्यात बरे झाप मातीच्या भिंतींना आडोसा म्हणून लागायचे, बाकीचे न्हाणीच्या चुलीत जायचे. कौलं ही मिरवायची गोष्ट होती. कायम झापाखाली राहायचं ते ज्याला कौलं परवडत नाहीत त्याने.

त्यामुळे मुंबईत नोकरीला लागल्यावर एका निरोप समारंभासाठी नरिमन पॉइंटच्या ओबेरॉयमधल्या ‘द आउटरिगर’ या पॉलिनेशियन रेस्टॉरंटमध्ये गेले, तेव्हा माझी जरा पंचाईतच झाली. बाकीची मंडळी दक्षिण समुद्रात पोचल्यासारखी हरखलेली, आणि मला एवढे पैसे मोजून पुन्हा माटवात आणून बसवल्यासारखं वाटत होतं. ज्यातून सुटायचं म्हणून माणसं मुंबई गाठतात, तेच इथे श्रीमंतांसाठी मांडलेलं. ही कल्पना कुणाच्या डोक्यातून निघाली असेल, हा प्रश्न तेव्हापासून मनात राहिला.

ती डोकी कॅलिफोर्नियातली. अर्नेस्ट गँट नावाच्या भटक्या माणसाने 1930 च्या दशकात, दारूबंदी उठल्यावर, हॉलिवूडमध्ये बांबू आणि झावळ्यांनी सजवलेला छोटा बार काढला. तो स्वतःला डॉन द बीचकोंबर म्हणवायचा. ओकलंडच्या व्हिक्टर बर्जरनने ती तऱ्हा उचलली, ‘ट्रेडर विक्स’ उभं केलं आणि 1944 मध्ये ‘माय ताय’ हे रमचं पेय तयार केल्याचा दावा आयुष्यभर सांगितला. मग युद्ध संपलं. पॅसिफिकच्या बेटांवरून परतलेल्या सैनिकांना ताडमाड आठवायचे होते, चिखल आणि मलेरिया नव्हे. 1959 मध्ये हवाई हे अमेरिकेचं राज्य झालं आणि गावोगावी ‘टिकी’ म्हणवल्या जाणाऱ्या लाकडी मूर्ती, कृत्रिम धबधबे, पेटती ताटं अवतरली. याच काळात, 1946 ते 1958 दरम्यान, बिकिनी या खऱ्याखुऱ्या पॅसिफिक बेटावर अमेरिका 23 अणुस्फोट करत होती. तिथल्या माणसांना घरं सोडायला लावली होती. त्यांच्या झोपड्यांचा आभास मात्र वातानुकूलित दालनांत जपला जात होता.

मुलगा बॉस्टनकडे स्थायिक झाला, आणि एका मुक्कामात तो व सून मला सॉगसला ‘कौलून’ नावाच्या अशाच एका रेस्टॉरंटमध्ये जेवायला घेऊन गेले. बॉस्टनच्या उत्तरेला रूट वन हा रस्ता आहे. एके काळी त्याच्या दोन्ही कडांना भडक पाट्यांची जत्राच होती. निऑनचा अवाढव्य निवडुंग अजून उभा आहे, पण तो ज्या ‘हिलटॉप’ स्टेकहाउसचा, ते 2013 मध्ये बंद पडलं. मिनी-गोल्फवाला गेला, त्याचा नारिंगी डायनोसोर नव्या बांधकामाच्या शोभेला ठेवला आहे. या सगळ्यात ‘कौलून’ टिकून आहे. दर्शनी भागावर प्रचंड मोठी कोरीव टिकी मूर्ती आहे. आत बाराशे माणसं बसतील एवढा पसारा, त्यातल्या एका दालनाचं नाव ‘व्होल्कॅनो बे’.

मी आधी छत पाहिलं. सवयच ती. झावळी हलत नव्हती, वासही नव्हता. याला कारण आहे आणि ते बॉस्टनमध्येच घडलेलं. 28 नोव्हेंबर 1942 ला तिथल्या ‘कोकोनट ग्रोव्ह’ या नाइटक्लबमध्ये खोट्या माडांनी आणि कापडी सजावटीने पेट घेतला आणि 492 माणसं मेली. त्यानंतर अशा सजावटीवरचे नियम देशभर कडक झाले. आमच्याकडे उरलेला झाप चुलीतच जायचा, तिथे तो पेटू नये म्हणून कायदे आहेत.

सजावट पॉलिनेशियन, नाव हाँगकाँगचं, जेवण अमेरिकन चवीचं चिनी. पुपू प्लॅटर नावाच्या ताटात मधोमध छोटी ज्योत आणि भोवती फासळ्या, कोंबडीचे पंख, क्रॅब रंगून. या शेवटच्या पदार्थात खेकड्याबरोबर क्रीम चीज असतं. माझ्यासारख्या कुर्ल्यांचं कालवण खाऊन वाढलेल्या बाईला ते पचनी पडलं नाही, पण सुनेने माझ्या वाट्याचेही आनंदाने संपवले.

या सरमिसळीला हसणं सोपं आहे, पण ती कुठून आली तेही पाहावं. 1882 ते 1943 चिनी मजुरांना अमेरिकेचं दार कायद्यानेच बंद होतं. 1915 च्या एका न्यायालयीन निकालाने रेस्टॉरंटचे चिनी मालक व्यापारी मानले गेले आणि येण्याजाण्याची एक फट मिळाली. म्हणून तर एवढ्या चिनी खानावळी निघाल्या. टिकीच्या लाटेत स्वयंपाकघरात कँटोनीज आचारी होते, बारमागे फिलिपिनो माणसं होती. ‘डॉन द बीचकोंबर’मध्ये राबलेल्या रे बुहेन या फिलिपिनो बारटेंडरने 1961 मध्ये लॉस एंजेलिसला स्वतःचा ‘टिकी-टी’ काढला, तो अजून चालतो. ‘कौलून’ची सुरुवात 1950 मध्ये ‘मँडरिन हाउस’ या छोट्या जागेत झाली, 1958 मध्ये नाव बदललं आणि वाँग कुटुंबाने ते वाढवत नेलं. गिऱ्हाइकाला ताहिती हवं होतं, त्यांनी ताहिती दिलं.

आक्षेप मात्र उरतोच. टिकी हा माओरी कथांतला पहिला माणूस, त्या मूर्ती पूर्वजांच्या. आमच्याकडच्या आरवलीच्या देव वेतोबाच्या आकाराचे बियरचे पेले कुणी काढले तर आपण काय करू? तेवढंच पॉलिनेशियातल्या माणसांनाही लागत असणार. मला तरी याचं समाधानकारक उत्तर सापडलेलं नाही. ‘कौलून’मधले टिकीच्या आकाराचे पेले सुंदर असले तरी मी विकत घेतले नाहीत.

पण अशी ठिकाणं पाडून काय मिळतं तेही पाहिलं पाहिजे. ओहायोच्या कोलंबस शहरात 1961 चं ‘कहीकी’ होतं, पॉलिनेशियन युद्ध-होडीसारख्या उंच छपराचं. 1997 मध्ये राष्ट्रीय वारसा-यादीत त्याचं नाव लागलं, तरी 2000 मध्ये ते पाडलं आणि तिथे औषधांचं दुकान आलं. ‘कहीकी’ हे नाव गोठवलेल्या खाद्यपदार्थांच्या पाकिटांवर तेवढं राहिलं. ‘कौलून’च्या जागेवरही घरं बांधायचा बेत कुटुंबाने 2021 मध्ये मांडला. नव्या इमारतीत लहानसं रेस्टॉरंट ठेवायचं म्हणतात. पुढच्या पिढीने बाराशे माणसांचा संसार ओढावा, अशी अपेक्षा दुरून करणारे आपण कोण? आमचा माटवही आम्ही पत्रे घालून कधीच मोकळा केला.

तरी माझा कौल त्या खोट्या झापाच्या बाजूने आहे. खऱ्याला दरवर्षी नवं करावं लागतं, त्यामुळे त्याला स्वतःचं वय नसतं. ‘कौलून’च्या छताखाली वाढदिवस, साखरपुडे, निवृत्तीची जेवणं झाली आहेत. ते ताहितीचं कधीच नव्हतं, सॉगसचं मात्र पक्कं आहे.

तुमची मुलं बॉस्टनकडे असतील तर त्यांना सांगून एकदा जाऊन या, आणि लवकर जा. शाकाहारी असाल तर पुपू प्लॅटर मागवण्याआधी विचारून घ्या.