हातापासून दात्यांपर्यंत

गोसीखुर्दच्या धरणाला ३३ दरवाजे आहेत. पावसाळ्यात वैनगंगा फुगली की त्यातले किती उघडले आणि कितीनं उघडले, ही बातमी पवनीपासून पार गडचिरोलीपर्यंत लक्ष देऊन वाचली जाते. धरणाचा असा एकेक लोखंडी दरवाजा टनांत मोजायचा. तो उचलणारी मोटर मात्र त्याच्यासमोर अगदीच किरकोळ दिसते. मधलं काम दातेरी चाकं करतात. मोटर भराभरा फिरत राहते आणि दरवाजा मुंगीच्या पावलानं वर सरकतो. वेग मोजून द्यायचा आणि जोर मोजून घ्यायचा, असा हा रोखीचा व्यवहार. त्यात सूट मिळत नाही. स्पोर्ट्स कारच्या गियरचा दांडा बदलण्याबद्दल लिहिताना हे दरवाजे आठवायचं कारण एवढंच, की त्या दांड्यालाही हाच व्यवहार लागू आहे आणि हौशी मंडळी नेमका तोच विसरतात.

आपल्याकडे पन्नाशी-साठीला पोचलेल्या माणसाच्या आयुष्यात गियर एका जागी कधी राहिलाच नाही. लहानपणी तो एसटीत दिसला. ड्रायव्हरशेजारच्या तापलेल्या बॉनेटच्या कडेनं वर आलेला, वाकडा, लांबलचक, गाडी उभी असतानाही थरथरणारा दांडा. ड्रायव्हर अर्धं अंग वळवून तो ओढायचा तेव्हा बस चालवणं हे ताकदीचं काम आहे याबद्दल पोरांच्या मनात शंका उरत नसे. पुढे १९७२ला पुण्यातून लुना आली, तिच्यात गियरच नव्हता. त्याच साली आकुर्डीतून बजाज चेतक आली आणि गियर डाव्या मनगटात गेला. क्लच दाबून अख्खी मूठच फिरवायची. मोटरसायकलवर तो डाव्या पावलाखाली उतरला. फियाटमध्ये स्टिअरिंगच्या मागे चढून बसला. मारुती ८००नं त्याला पुन्हा दोन सीटांच्या मध्ये, जमिनीवर आणलं. आणि आता चेतक हे नाव २०२०पासून विजेवरच्या स्कूटरला लागलंय, तिच्या डाव्या मुठीत फिरवण्यासारखं काही नाही. १ जून १९४८ला एसटीची पहिली गाडी पुणे-नगर मार्गावर धावली. १ जून २०२२ला त्याच मार्गावर विजेवरची शिवाई धावली, तिच्यात तो थरथरणारा दांडा नाही. म्हणजे ज्या पिढीनं गियर हातानं, मनगटानं आणि पायानं शिकला, तिच्याच डोळ्यांदेखत तो नाहीसा होतोय. आणि नेमक्या याच वेळी हौशी माणूस आपल्या गाडीचा दांडा अधिक चांगला करायला पैसे मोजतोय. त्यात मला विसंगती दिसत नाही. जी वस्तू गरजेची उरत नाही तिच्यावर माणूस जास्त जीव लावतो. प्रश्न फक्त पैसे कुठे मोजावेत एवढाच आहे.

सध्या ते मोजले जातात ‘शॉर्ट शिफ्टर’ नावाच्या किटवर. जाहिरातीचं सार असं, की गियर टाकायला हात कमी हलतो, म्हणून गियर लवकर पडतो, म्हणून गाडी रेसिंगची होते. पहिली गोष्ट खरी आहे. गियरचा दांडा ही साधी तरफ. समजा टेकूच्या वरचा भाग ३० सेंटिमीटर आहे आणि खालचा ६. गुणोत्तर ५ झालं. किट बसवताना खालचा भाग साडेसात सेंटिमीटर केला की गुणोत्तर ४वर येतं. आता हाताला २० टक्के कमी अंतर कापावं लागेल, पण जोर २५ टक्के जास्त लावावा लागेल. धरणाच्या दरवाज्याचाच हा हिशोब, फक्त उलट्या दिशेनं. वरचं टोक कापून दांडा बुटका केला तरी तेच. बाजारातलं कुठलंही किट या गणिताबाहेर जाऊ शकत नाही, आणि ‘हलका आणि छोटा’ असं दोन्ही एकदम सांगणाऱ्या विक्रेत्यानं एकतर शाळेत तरफ शिकलेली नाही किंवा गिऱ्हाईक शिकलेलं नाही असं धरलंय.

दुसरी गोष्ट, लवकर पडण्याची, जास्त तपासून घ्यायला हवी. दांडा किती आखूड आहे याची गियरबॉक्सला खबर नसते. दात्यांशी जुळणारी आतली स्लीव्ह पूर्वी जेवढी सरकायची तेवढीच सरकते. ती दात्यांत बसण्याआधी दोन फिरत्या भागांचा वेग एक व्हावा लागतो, आणि ते काम सिंक्रोनायझर नावाचं पितळी कडं घासून-घासून करतं. १९२८ला कॅडिलॅकनं ही सोय गाडीत आणली. त्याआधी हे काम चालकाच्या कानाला आणि पायाला करावं लागे. आपल्याकडचे जुने ट्रकवाले ‘डबल क्लच’ म्हणतात ते हेच. क्लच दाबून न्यूट्रल, क्लच सोडून ॲक्सिलरेटरचा हलका ठोका, पुन्हा क्लच आणि मग गियर. चुकलं की घर्रकन आवाज, आणि शेजारी बसलेल्या क्लीनरच्या चेहऱ्यावर हसू. सिंक्रोनायझरनं ती विद्या बिनगरजेची केली, पण वेळ शून्यावर आणला नाही. कड्याला लागायचा तो वेळ लागतोच. आखूड दांड्यानं हात तेवढ्याच झपाट्यानं मारला तर त्या कड्यावर जास्त भार येतो, एवढाच बदल. म्हणजे मनगटाचे चार सेंटिमीटर वाचतात आणि पितळ झिजतं.

मग ज्यांनी किट बसवलंय ते सगळे खोटं बोलतात का? मुळीच नाही. गाडी खरोखर सुधारल्यासारखी वाटते, आणि हा आक्षेप टाळून पुढे जाता येणार नाही. पण किटच्या खोक्यात दांड्याबरोबर आणखी काय येतं ते बघा. नवी बुश, म्हणजे सांध्यांतली अस्तरं, येतात, नवा गोळा आणि त्याची वाटी येते, कधी केबलच्या टोकाच्या नव्या टोप्या येतात. जुनी, झिजलेली प्लॅस्टिकची बुश निघून त्या जागी घट्ट बसणारी येतात. हात हलला की दात्यांपर्यंतचं सगळं त्याच क्षणी हलतं; मधे काही हरवत नाही. श्रेय दांड्याला मिळतं, कारण तो डोळ्यांसमोर असतो. काम केलेलं असतं बुशांनी, जी गाडीखाली अंधारात असतात. माझं म्हणणं एवढंच आहे, की गियर सुधारायचा म्हणजे दांड्याचं अंतर कमी करायचं नसतं, हात आणि दाते यांच्यामधली ढिलाई काढायची असते. अंतराची सवय हाताला आठवड्यात होते. ढिलाईची सवय होत नाही, कारण ती रोज वेगळी लागते.

याचा पुरावा आपल्याच रस्त्यांवर पन्नास वर्षं फिरत होता. चेतकच्या मुठीतून गियरपर्यंत केबली जात. त्या ताणून सैल झाल्या की मुठीवरचा न्यूट्रलचा खुणेचा ठिपका एकीकडे आणि खरा न्यूट्रल दुसरीकडे. सिग्नलला उभा राहिलेला माणूस मूठ पुढे-मागे फिरवत न्यूट्रल शोधत असे. गल्लीतला मेकॅनिक पाना घेऊन केबल आवळायचा आणि स्कूटर पुन्हा शहाणी व्हायची. मूठ लहान करा असं कुणी सुचवलं नाही. फियाटचं प्रकरण याहून मोठं. कुर्ल्याच्या प्रीमियर कारखान्यातून आलेल्या या फियाटचा, म्हणजे पद्मिनीचा, गियर स्टिअरिंगजवळ होता, कारण पुढे सलग बाकासारखी सीट होती आणि मधल्या माणसाचे पाय कुठेतरी जायला हवे होते. सोय चांगली होती. टॅक्सीवाल्यांना तर फारच. पण हातापासून गियरबॉक्सपर्यंत कांड्या, सांधे आणि पुन्हा कांड्या अशी वळणावळणाची वाट. प्रत्येक सांध्यात थोडी झीज धरली तरी सगळ्यांची बेरीज दांड्याच्या टोकाशी बोटा-दोन बोटांची होते. १९८५च्या प्रीमियर ११८ एनईला कंपनीनं जमिनीवरचा गियर दिला आणि पद्मिनीलाही शेवटच्या वर्षांत, एस-वन मॉडेलमध्ये, तो मिळाला. आपल्याकडच्या गाड्यांत गियरच्या दांड्याची खरी सुधारणा झाली असेल तर ती ही. तिथे वाट छोटी झाली, सांधे कमी झाले. ३० ऑक्टोबर २०२३पासून मुंबईतून पद्मिनी टॅक्सी उठली, तेव्हा लेख लिहिणाऱ्यांनी काळ्या-पिवळ्या रंगाचं आणि छतावरच्या कॅरिअरचं कौतुक केलं. त्या सैल गियरमधून दिवसभर बिनचूक दुसरा आणि तिसरा शोधून काढणाऱ्या डाव्या हातांबद्दल फारसं कुणी लिहिलं नाही.

स्पोर्ट्स कारलाही हीच कसोटी लावून पाहावी. आपल्या बाजूला अशा गाड्या बनल्या नाहीत असं नाही. १९९८च्या सुमाराला गोव्यात बनलेली दोन माणसांची, उघड्या छताची सॅन स्टॉर्म होती, रेनोचं १.२ लिटरचं इंजिन, फायबरची बॉडी. २०१२ला दिल्लीच्या ऑटो एक्स्पोत दिलीप छाब्रियांच्या कंपनीची डीसी अवंती आली. तिचं इंजिन चालकाच्या पाठीमागे. इंजिन मागे गेलं की गियरबॉक्स मागे जातो आणि दांडा पुढेच राहतो. मग दोघांना जोडायला लांब केबल ओढावी लागते. दिसायला गाडी कितीही झेपावणारी असो, अशा रचनेत हाताला नेमकेपणा देणं अवघडच असतं. उलट १९८९पासून बनत असलेल्या माझदा एमएक्स-५ या छोट्या जपानी गाडीच्या गियरची वाखाणणी जगभर होते. तिचं इंजिन पुढे, गियरबॉक्स त्याला लागून आणि दांडा जवळजवळ थेट गियरबॉक्सवर उभा. दांडा आखूड आहे हे खरं, पण त्याच्याखाली हरवण्यासारखं काही नाही म्हणून तो आखूड असलेला शोभतो. गाडी सैल आणि दांडा आखूड असेल तर हालचालीबरोबर ढिलाईही आटते, पण तिचा वाटा तेवढाच राहतो. पाचवा हिस्सा वाया जात असेल तर तो दांडा आखूड करूनही वायाच जातो.

आता मोठा आक्षेप. ऑटोमॅटिक गियर माणसापेक्षा वेगवान आहेत, मग ही सगळी बुशांची चर्चा कशाला? वेगाबद्दलचं म्हणणं शंभर टक्के मान्य. पोर्शेनं २०१३ला आपली ९११ जीटी-३ फक्त ऑटोमॅटिक पीडीके गियरबॉक्सवर आणली. आणि २०१७ला त्याच गाडीत हातानं टाकायचा गियर परत दिला, कारण गिऱ्हाइकांना तो हवा होता. ताशी शंभरचा वेग गाठायला पीडीकेला ३.४ सेकंद लागतात, हातवाल्या गाडीला ३.९. अर्धा सेकंद हरण्यासाठी माणसं रांगेत उभी राहिली. यावरून दोन गोष्टी ठरतात. हातानं गियर टाकणारा वेगासाठी टाकत नाही. त्याला यंत्र हाताला लागायला हवं असतं. आणि म्हणून वेगाच्या नावानं त्याला विकलेलं किट हे मुळातच चुकीच्या दुखण्यावरचं औषध आहे. पुण्याच्या संध्याकाळच्या गर्दीत क्लच दाबून गुडघा धरलेल्या माणसानं मात्र खुशाल ऑटोमॅटिक घ्यावी. तिथे हाताला लागण्यासारखं काहीच चाललेलं नसतं.

दुसरा आक्षेप उलट बाजूनं येईल. सगळी ढिलाई काढायची तर रबर आणि नायलॉन फेकून पितळी किंवा ॲल्युमिनियमची बुश का बसवू नयेत? कारण ते मऊपण कंपनीनं आळसापोटी ठेवलेलं नसतं. इंजिन हलतं, थरथरतं. ती थरथर रबर पिऊन टाकतं. ते काढलं की दांडा पुन्हा त्या जुन्या एसटीसारखा वाजायला लागतो आणि लांबच्या प्रवासात डोकं उठतं. माझ्या मते झिजलेलं बुश नव्यासारखं करावं, फार तर एक पायरी कडक घ्यावं आणि तिथे थांबावं. वरचा गोळा थोडा जड घेतला तर त्याच्या वजनानं गियर सहज आत जातो, हा स्वस्त आणि खरा फायदा आहे. फक्त तो चकचकीत धातूचा घेऊ नये. भंडाऱ्याच्या मे महिन्यात पारा ४५ अंशांपुढे जातो. उन्हात उभ्या केलेल्या गाडीतला धातूचा गोळा दुपारी दोन वाजता धरून दाखवावा. ट्रकवाले गियरच्या गोळ्याला फडकं गुंडाळतात ते उगाच नाही.

ट्रकवाल्यांचं नाव निघालं म्हणून शेवटचा आक्षेप: गोसीखुर्दच्या रस्त्यावर स्पोर्ट्स कार कुणाची? फारशी कुणाची नाही. पण गोसीखुर्दच्याच भंडारा जिल्ह्यात, भंडारा-साकोली रस्त्यावर गडेगावला, अशोक लेलँडचा कारखाना १९८०च्या दशकापासून आहे आणि तिथे ट्रक-बसचे सिंक्रोमेश, म्हणजे सिंक्रोनायझरवाले, गियरबॉक्स बनतात. हौशी माणूस रविवारी घाटात चाळीसदा गियर बदलतो. मालाचा ट्रक चालवणारा तेवढे दिवस उजाडता-उजाडता बदलून मोकळा होतो, आणि सैल दांड्याचं दुखणं त्याच्या खांद्यात उतरतं. त्याला आखूड दांडा कुणी विकायला जात नाही आणि त्यानं मागितलाही नाही. त्याला हलका, नेमका गियर हवा असतो. स्पोर्ट्स कारवाल्याला हवं असलेलं सुखही तेच आहे, त्याला फक्त जाहिरातीनं वेगळं नाव दिलंय.

तेव्हा किट मागवण्याआधी एक करा. सपाट जागी गाडी उभी करून हँडब्रेक ओढा, इंजिन बंद करा, गियर तिसऱ्यात टाका आणि दांडा दोन बोटांनी हळूच पुढे-मागे हलवा. नवी असताना लागत नव्हती तेवढी ढिलाई हाताला लागली तर गाडी मेकॅनिककडे न्या, बुश बदलायला सांगा, आणि गाडी वर घेतलेलीच आहे तर गियरबॉक्सचं ऑइलही बदलून घ्या. मग महिनाभर चालवा. त्यानंतरही दांडा लांब वाटला, तर किट बाजारात तेव्हाही मिळेल.