परक्या बाळासाठी

सरकारी इस्पितळातील तान्ह्या बालकांसाठी क्रोशाने विणावयास घेतलेल्या पांघरुणाची शेवटची पिवळी किनार आज दुपारी पुरी झाली. ज्याच्या अंगावर ते पडावयाचे त्याचे नाव, गाव, किंबहुना त्याचा जन्म झाला आहे की नाही, हेही ठाऊक नसताना, त्याच्या सोयीचा इतका बारीक तपशील आपण मनोभावे सांभाळतो, याचे मला फार नवल वाटते. जाळीदार नक्षी डोळ्यांस कितीही मोहक असली तरी बाळाची बोटे तिच्या छिद्रांत अडकतात, म्हणून लांब खांबांऐवजी मुक्या खांबांची घट्ट वीण पत्करावी लागते. अस्सल लोकर ऊबदार खरी, परंतु गरम पाण्यात घुसळली की ती आटते, यास्तव वारंवार धुण्यास टिकणाऱ्या ॲक्रिलिक धाग्याची तजवीज करावी. आणि धाग्याची टोके नुसती न कापता सुईने उलटसुलट दिशांनी आत ओवावी, नाहीतर चार धुण्यांत सारी मेहनत उसवते.

चेन्नईस ३१ जानेवारी २०१६ रोजी शेकडो स्त्रियांनी क्रोशाचे चौकोन जोडून ११,१४८.५ चौरस मीटरांचे पांघरूण सिद्ध केले व जागतिक विक्रमांच्या दफ्तरी त्याची नोंद झाली, हे कौतुकास्पदच. पण माझ्या मते त्या उद्योगाचे खरे मोल, त्या चौकोनांची पांघरुणे गरजूंच्या हवाली करण्याच्या संकल्पात आहे.

आपल्या कपाटात धाग्याचे अर्धे गुंडे पडून असतील, तर थंडी सरण्यापूर्वी ते बाहेर काढा. मात्र विणावयास बसण्याअगोदर इस्पितळातील परिचारिकेस माप आणि धागा अवश्य विचारून घ्या.