गाडी आपली, रस्ता सर्वांचा

यंत्र विकत घेणे आणि यंत्र ओळखणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिलीसाठी पैसा लागतो. दुसरीसाठी वेळ, जिज्ञासा आणि हात काळे करून घेण्याची तयारी लागते. पुण्याहून पौड रस्त्याने मुळशीकडे निघाले, चांदणी चौक मागे पडला आणि भूगाव, भूकूम, पिरंगुट अशी गावे लागली, की अशी तयारी असलेली माणसे रविवारी सकाळी हमखास दृष्टीस पडतात. सोसायटीच्या वाहनतळात किंवा बंगल्याच्या अंगणात एखाद्या गाडीचे बोनेट उघडे असते. जमिनीवर जुने वर्तमानपत्र अंथरून त्यावर पाने, पक्कड, स्क्रू ओळीने मांडलेले असतात. आठवडाभर हिंजवडीत संगणकासमोर बसणारा तरुण किंवा दुकानाच्या गल्ल्यावर बसणारा व्यापारी इंजिनात डोके घालून उभा असतो. घरच्या मंडळींना हा उद्योग रिकामपणाचा वाटतो. ‘गॅरेजवाला थोड्या पैशांत करून देतो, त्यासाठी कपडे कशाला खराब करायचे?’ हा प्रश्न ठरलेला असतो. प्रश्न व्यवहाराचा आहे. म्हणून त्याचे उत्तरही व्यवहाराच्या भाषेतच द्यायला हवे.

एक पिढी मागे गेले, तर हा प्रश्न कुणी विचारलाच नसता. सोलापूरच्या जैन व्यापारी घराण्यात १८८२ साली जन्मलेल्या वालचंद हिराचंद यांनी भारतात मोटार तयार व्हावी हा ध्यास घेतला आणि १९४४ साली प्रीमियर ऑटोमोबाइल्सची स्थापना केली. मुंबईत कुर्ल्याच्या कारखान्यातून पुढे फियाट कंपनीच्या सहकार्याने जी गाडी निघाली, तिलाच १९७० च्या दशकात ‘पद्मिनी’ हे नाव मिळाले. दुकानदाराच्या घरापासून डॉक्टरांच्या दवाखान्यापर्यंत ती सर्वत्र दिसे. ही गाडी बाळगणाऱ्याला निम्मा मिस्त्री व्हावेच लागे. पावसाळ्यात ओल धरली की ती सुरू होत नसे. मग डिस्ट्रिब्युटरचे झाकण काढून कोरड्या फडक्याने पुसायचे, पॉइंट पॉलिश पेपरने हलकेच घासायचे, प्लगवरची काजळी काढायची. डिकीत फॅनबेल्ट, दोन प्लग आणि पाण्याचा डबा असल्याशिवाय लांबचा प्रवास कुणी करत नसे. मुंबईच्या रस्त्यावरून शेवटची पद्मिनी टॅक्सी ३० ऑक्टोबर २०२३ रोजी निवृत्त झाली. तिच्याबरोबर मालकाने स्वतः गाडी दुरुस्त करण्याचा एक काळही संपला.

आजच्या गाडीत कार्ब्युरेटर नाही, पॉइंट नाहीत. इंधन किती सोडायचे आणि ठिणगी केव्हा पाडायची हे संगणकीय यंत्रणा ठरवते. तरीही हौशी माणसाचे काम संपलेले नाही. ते केवळ बदलले आहे. स्टिअरिंगच्या खाली असलेल्या जोडणीत अंगठ्याएवढे उपकरण बसवले की इंजिनाची तक्रार सांकेतिक क्रमांकात मोबाइलवर वाचता येते. मात्र क्रमांक म्हणजे निदान नव्हे. ताप किती हे तापमापक सांगतो, ताप कशाचा हे सांगत नाही. संवेदक बिघडला असे वाचून नवा संवेदक आणणाऱ्यास पुष्कळदा कळते, की दोष संवेदकात नसून उंदराने कुरतडलेल्या तारेत होता.

मुळशीत हा उंदराचा विषय चेष्टेचा नाही. पुण्यातील अनेक कुटुंबांची शेतघरे या तालुक्यात आहेत. तेथे उभी राहणारी गाडी कधी आठवडाभर, कधी महिनाभर हलत नाही. बोनेटखालची ऊब आणि आडोसा उंदरांना सोयीचा असतो. विष किंवा पिंजरा यांचा विचार करण्यापूर्वी खालच्या मोकळ्या जागांना बारीक तारेची जाळी लावावी, गाडीत खाद्यपदार्थांचा कण राहू देऊ नये आणि गाडी दर काही दिवसांनी सुरू करून थोडी फिरवावी. बहुतेक वेळा एवढ्याने भागते. जीवही वाचतो, तारही वाचते.

असे घरच्या घरी करण्याजोगे काम पुष्कळ आहे. समोरच्या काचेखालच्या पन्हाळीत झाडाचा पाला साचला की पावसाचे पाणी गाडीत उतरते. तो पाला हाताने काढता येतो. बॅटरीच्या टोकांवर पांढरट-हिरवी भुकटी जमली तर खाण्याचा सोडा घातलेल्या गरम पाण्याने ती धुऊन टोकांना व्हॅसलीन लावावे. बॅटरी सोडवताना आधी ऋण टोक मोकळे करायचे आणि जोडताना ते शेवटी जोडायचे, एवढे ध्यानात ठेवले की पाना गाडीच्या पत्र्याला टेकून ठिणगी उडण्याचा धोका राहत नाही. चाक बदलताना नट आधी, गाडी जमिनीवर असतानाच, थोडे सैल करावेत. नंतर जॅक लावावा. आवळताना समोरासमोरचे नट आलटून पालटून आवळावेत. केवळ जॅकच्या भरवशावर गाडीखाली शिरू नये आणि इंजिन तापलेले असताना रेडिएटरचे झाकण उघडू नये. हे दोन नियम मोडणाऱ्यास दुसरी संधी मिळेलच असे नाही.

यातून किती पैसे वाचतात? प्रामाणिकपणे सांगायचे तर फार नाही. खरी मिळकत वेगळीच आहे. ज्याने स्वतः एअर फिल्टर बदलला आहे, त्याला बिलातील प्रत्येक ओळ समजते. तो मिस्त्रीवर उगाच संशय घेत नाही आणि उगाच विश्वासही टाकत नाही. जुन्या पेढ्यांवर मालक स्वतः रोजमेळ लिहायला शिकत असे, तो मुनीम ठेवायचा नाही म्हणून नव्हे, तर मुनिमाने लिहिलेले वाचता यावे म्हणून. गाडीचीही एक वही असावी. कोणत्या तारखेला, किती किलोमीटरवर, काय बदलले, कितीला आले, याची नोंद ठेवली तर गाडी विकताना त्या वहीलाही मोल येते.

येथवर सारे चांगलेच आहे. परंतु मुळशी ओलांडून रस्ता ताम्हिणी घाटात शिरतो आणि कोकणाकडे उतरू लागतो, तेव्हा हौसेची मर्यादाही स्पष्ट होते. ब्रेकच्या नळ्यांतील द्रव हवेतील ओलावा शोषून घेतो. ‘डॉट ३’ प्रकारचा ताजा द्रव किमान २०५ अंश सेल्सियसपर्यंत उकळत नाही. पाणी शोषलेल्या द्रवाची ही मर्यादा १४० अंशांपर्यंत खाली येऊ शकते. लांब उतारावर सतत ब्रेक दाबून ठेवला की चकत्या तापतात, द्रवात वाफेचे बुडबुडे होतात आणि पायाखालचे पॅडल पोकळ लागते. म्हणून घाट उतरताना गाडी खालच्या गिअरमध्ये ठेवायची, म्हणून हा द्रव उत्पादकाने सांगितलेल्या मुदतीत बदलायचा, आणि म्हणूनच हे काम शिकाऊ हाताने करायचे नाही. फिल्टर चुकीचा बसला तर इंजिन कुरकुरते. ब्रेक चुकीचा बसला तर सांगायला वेळ मिळत नाही.

दुरुस्तीपुढची पायरी फेरफाराची. सर्वांत लोकप्रिय फेरफार दिव्यांचा. साध्या हॅलोजन दिव्याची खालची ज्योत ५५ वॅटची असते. दोन दिव्यांचे ११० वॅट. १२ व्होल्टच्या यंत्रणेत हा सुमारे ९ अँपिअरचा प्रवाह झाला. त्याऐवजी १०० वॅटचे दोन दिवे बसवले की प्रवाह सुमारे १७ अँपिअर होतो. प्रवाह दुप्पट झालेला नाही, असे वाटून माणूस निर्धास्त राहतो. पण तारेतील उष्णता प्रवाहाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते, म्हणजे येथे ती तिपटीहून अधिक होते. फ्यूज उडू लागतो. मग कुणीतरी सल्ला देते, ‘मोठा फ्यूज टाका.’ फ्यूज ही तारेची कर्जमर्यादा आहे. कर्जदार मर्यादा ओलांडतो म्हणून मर्यादाच वाढवून दिली, तर धंदा सुधारत नाही. बुडीत मात्र मोठी होते. मोठ्या फ्यूजमुळे दिवे चालू राहतात आणि जळायचे काम तारेकडे जाते.

पिरंगुट परिसरातील एका व्यापारी कुटुंबात याच दिव्यांवरून पितापुत्रांत अबोला धरण्यापर्यंत मजल गेली होती. मुलाने स्वकमाईतून उंच चाकांची गाडी घेतली, तिच्या छतावर प्रखर दिव्यांची पट्टी आणि पुढे जाड लोखंडी गज बसवले. वायरिंग स्वतः केले, आणि नीटनेटके केले. वडिलांनी हरकत घेतली तेव्हा तो म्हणाला, “पप्पा, गाडी माझ्या नावावर आहे.” वडील म्हणाले, “गाडी तुझ्या नावावर. समोरून येणारा कुणाच्या नावावर?” पुढे काही दिवस दोघे एका ताटाला बसले, पण बोलले नाहीत. पावसाळ्यातल्या एका धुकट रात्री वडिलांनी मुलाला शेतघराच्या फाटकाबाहेर, खासगी वाटेवर, पन्नास पावलांवर उभे केले आणि गाडीत बसून सगळे दिवे लावले. मुलाने दोन्ही हात डोळ्यांवर घेतले. नंतर वडिलांनी त्याला चालकाच्या जागी बसवून स्वतः त्याच जागी जाऊन उभे राहून दाखवले. धुक्यावरून उलटलेल्या प्रकाशाची पांढरी भिंत मुलासमोर उभी होती. वडील तिच्यात दिसत नव्हते. एवढेच घडले. कुणी कुणाला उपदेश केला नाही. पुढच्या रविवारी मुलाने ती पट्टी स्वतःच्या हाताने उतरवली, आणि लोखंडी गजही.

गजांविषयी तर केंद्र शासनाने डिसेंबर २०१७ मध्येच राज्यांना कारवाईची सूचना दिली आहे. पादचाऱ्याला ते घातक असतातच. शिवाय धडकेचा जोर वळवून ते एअरबॅग उघडण्याच्या यंत्रणेलाही फसवू शकतात. म्हणजे संरक्षणासाठी लावलेली वस्तू संरक्षणच काढून घेते. मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ५२ नुसार उत्पादकाने दिलेल्या मूळ तपशिलाशी विसंगत होईल असा फेरफार मालकाला करता येत नाही. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हाच अर्थ अधोरेखित केला. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने अशा प्रत्येक फेरफारासाठी पाच हजार रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कारावास, किंवा दोन्ही अशी तरतूद झाली. सीएनजी संच बसवायचा असेल, अपंग व्यक्तीसाठी हाताने चालवायची योजना करायची असेल, तर कायद्याने मार्ग ठेवला आहे. परवानगी घ्यावी, नोंदणी प्रमाणपत्रात नोंद करून घ्यावी. विमा कंपनीला कळवावे, गाडीवर कर्ज असेल तर बँकेलाही. अपघातानंतर सर्वेक्षक कागद आणि गाडी शेजारी ठेवून पाहतो. त्या दोघांत फरक निघाला, तर दाव्याच्या वेळी हौसेचा हिशेब महाग पडतो.

कायद्याने कल्पकता मारली जाते, अशी तक्रार होते. तिचे उत्तर सांगली जिल्ह्याने दिले आहे. यशवंतराव चव्हाण यांचे जन्मगाव असलेल्या देवराष्ट्रे येथील लोहारकाम करणारे दत्तात्रय लोहार यांनी जुन्या भागांतून सुमारे साठ हजार रुपयांत एक छोटी चारचाकी तयार केली. ती दुचाकीसारखी किक मारून सुरू होई. डिसेंबर २०२१ मध्ये तिची चित्रफीत सर्वत्र पसरली. उद्योगपती आनंद महिंद्रा यांनी तिचे कौतुक केले. मात्र ती नियमांत बसत नाही हेही स्पष्ट सांगितले, आणि तिच्या बदल्यात नवी बोलेरो देऊ केली. जानेवारी २०२२ मध्ये लोहार कुटुंबाला ती मिळाली. त्या कारागिराच्या बुद्धीला दाद मिळाली आणि रस्त्याचा नियमही मोडला नाही. या व्यवहारात दोन्ही बाजू बरोबर होत्या.

पौड रस्त्यालगतच्या टेकडीवर, पुण्याच्या हद्दीत, १९६६ पासून ऑटोमोटिव्ह रिसर्च असोसिएशन ऑफ इंडिया ही संस्था उभी आहे. गाडीचा दिवा किती उजेड कुठे पाडतो, ब्रेक किती अंतरात गाडी थांबवतो, याच्या कसोट्या तेथे होतात. रविवारी मुळशीकडे जाणाऱ्या हौशी मंडळींच्या गाड्या त्या टेकडीच्या पायथ्याजवळूनच जातात. वर महिनोन्महिने तपासून ठरवलेली गोष्ट खाली अर्ध्या दिवसात बदलण्यापूर्वी प्रत्येकाने एकच विचारावे: ही चुकली, तर किंमत कोण मोजणार? स्वतःला मोजावी लागणार असेल तर बाह्या सरसावाव्यात, पाना हाती घ्यावा आणि मुलांनाही शेजारी उभे करून शिकवावे. दुसऱ्याला मोजावी लागणार असेल तर पाना खाली ठेवावा आणि ते काम जाणत्या मिस्त्रीकडे न्यावे. आणि फेरफारच नियमांत बसत नसेल, तर त्याच्याकडेही नेऊ नये.