वसाहत आणि वखार : सावित्रीच्या काठावरून जेम्स नदीकडे

बिरवाडीतल्या मुलाच्या कानावर 'वसाहत' हा शब्द इतिहासाच्या पुस्तकाआधीच पडलेला असतो. गावाशेजारी महाडची औद्योगिक वसाहत आहे. तिथे रसायनांचे कारखाने आहेत, पाळ्यांचे भोंगे आहेत आणि घरातले कुणी ना कुणी तिथे कामाला जाते. पुढे शाळेत 'अमेरिकेतील इंग्रजांच्या वसाहती' हा धडा येतो, तेव्हा त्या मुलाच्या डोळ्यांपुढे धुराडी उभी राहिली तर दोष त्याचा नाही. गंमत अशी की, 'फॅक्टरी' या शब्दाचेही तेच झाले आहे. सतराव्या शतकातला इंग्रज फॅक्टरी म्हणे, तेव्हा तिथे काहीच तयार होत नसे. फॅक्टर म्हणजे अडत्या. तो जिथे माल साठवी, हिशेब लिही आणि जहाजाची वाट पाही, ती जागा म्हणजे फॅक्टरी. मराठीत त्याला 'वखार' म्हणत. मराठी शब्द इथे इंग्रजीपेक्षा अधिक प्रामाणिक आहे.

या धाग्याचा विषय या दोन शब्दांमधला फरक आहे. अमेरिकेत इंग्रजांनी आधी वसाहत केली. कोकणात त्यांनी आधी वखार घातली. माणसे तीच होती, काळही तोच होता. बदलला तो भूगोल, आणि त्या भूगोलात आधीपासून राहणारा माणूस.

मे १६०७. लंडनच्या व्हर्जिनिया कंपनीची तीन लहान जहाजे शंभरेक माणसे घेऊन चेसापीक उपसागरातून एका रुंद नदीत शिरली. नदीला त्यांनी आपल्या राजाचे, जेम्सचे, नाव दिले आणि समुद्रापासून सुमारे ६० किलोमीटर आत जेम्सटाऊन वसवले. इतके आत का? एक तर स्पॅनिश जहाजांची भीती. दुसरे म्हणजे तिथे पात्र काठालाच खोल होते, जहाज थेट झाडाला बांधता येई. नकाशावर जागा उत्तम दिसे. पण ती दलदलीची होती, आणि भरतीचे खारे पाणी तिथवर पोहोचत असे. उन्हाळ्यात नदीचे गोडे पाणी आटले की प्यायला उरे ते मचूळ, गढूळ पाणी. पहिल्याच वर्षी निम्म्याहून अधिक माणसे आजाराने आणि उपासमारीने मेली. १६०९-१० च्या हिवाळ्यात तर वसाहतीतल्या सुमारे पाचशेंपैकी साठेकच जगली.

खाडीकाठच्या कोकणी माणसाला हे समजावून सांगावे लागणार नाही. भरती कुठवर चढते आणि गोडे पाणी कुठे लागते, हे विचारल्याशिवाय आपल्याकडे कुणी घर बांधत नाही. महाबळेश्वरी उगम पावलेली सावित्री पोलादपूरच्या बाजूने खाली उतरते. रायगडाच्या एका अंगाने गांधारी आणि दुसऱ्या अंगाने काळ वाहते. यांतली काळ बिरवाडीवरून येते, आणि महाडच्या परिसरात या दोन्ही नद्या सावित्रीला मिळतात. तिथून पुढे नदी हळूहळू खाडी होते आणि बाणकोटला समुद्राला भेटते. भरतीवर लहान होड्या थेट महाडपर्यंत येत, मोठी गलबते अलीकडे दासगावला थांबत. महाड हे बंदर झाले ते याच कारणाने. समुद्र जिथे संपतो आणि घाटवाट जिथे सुरू होते, त्या सांध्यावर ते बसले आहे. वरंध घाटाची वाट बिरवाडीकडून वर चढते, तर पार घाटाची वाट पोलादपूरकडून. मीठ बैलांच्या पाठीवर वर जाई, देशावरचे धान्य खाली येई. गांधारपाल्याची बौद्ध लेणी महाडच्या वेशीवर कोरली गेली, त्यामागेही हीच वर्दळ होती.

जेम्स नदीवरही असा सांधा आहे. जेम्सटाऊनच्या स्थापनेनंतर लगेच कप्तान ख्रिस्तोफर न्यूपोर्ट होडीने वर गेला आणि धबधब्यांपाशी अडला. अंतर्भागातला कठीण खडक तिथे संपतो, किनारपट्टीची मऊ जमीन सुरू होते, आणि त्या पायरीवरून पाणी खाली उडी घेते. पुढे तिथेच रिचमंड शहर उभे राहिले. अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावरची कितीतरी शहरे अशा पायरीवर बसली आहेत. महाड हे त्यांच्याच जातकुळीचे गाव आहे, फक्त वयाने त्यांच्यापेक्षा फार मोठे.

हाच न्यूपोर्ट पुढे ईस्ट इंडिया कंपनीच्या नोकरीत आला. १६१५ मध्ये जहांगीराच्या दरबारी जाणारा वकील सर टॉमस रो ज्या जहाजाने सुरतेस पोहोचला, त्याचा कप्तान न्यूपोर्टच होता. दोन वर्षांनी तो जावा बेटावर बांतम येथे मरण पावला. लंडनचा व्यापारी सर टॉमस स्मिथ हा ईस्ट इंडिया कंपनीचा पहिला गव्हर्नर, आणि व्हर्जिनिया कंपनीचा खजिनदारही तोच. दोन्ही उद्योगांचे पैसे एकाच पेठेतून निघत होते. पाठ्यपुस्तके हे दोन धडे वेगवेगळ्या इयत्तांत शिकवतात, म्हणून ते दोन जगांतले वाटतात.

मग सुरतेला किंवा राजापूरला जेम्सटाऊन का झाले नाही? 'अमेरिका रिकामी होती' हे सोपे उत्तर चुकीचे आहे. जेम्स नदीच्या काठी पोव्हाटनची सत्ता होती, तीस-एक जमाती त्याच्या शब्दात होत्या, मक्याची शेती होती. पहिल्या वर्षी इंग्रज जगले ते बऱ्याच अंशी त्या मक्यावर. पण युरोपातून आलेल्या देवीसारख्या रोगांना तोंड देण्याची ताकद तिथल्या माणसांच्या शरीरात नव्हती. आपल्याकडे रोगाचा फासा उलटा पडे. मुंबईत युरोपियाचे आयुष्य दोन पावसाळ्यांचे, असे इंग्रजच म्हणत. शिवाय व्हर्जिनियात विकण्याजोगे असे काही त्यांना सापडेना. १६१२ च्या सुमारास जॉन रॉल्फने तंबाखू लावला आणि मग जमिनीची भूक सुरू झाली. १६१९ मध्ये पहिले आफ्रिकी बंदिवान तिथे आणले गेले. कोकणात मिरी आणि कापड बंदरात तयारच मिळे. जमीन कशाला हवी होती? अडत्या पुरे होता.

आणि इथे आणखी एक गोष्ट होती : राज्य. १६६० मध्ये पन्हाळ्याच्या वेढ्यात राजापूरच्या इंग्रजांनी सिद्दी जौहरला मदत केली, कंपनीचे निशाण लावून गडावर तोफा डागल्या. व्यापाऱ्याने तराजू सोडून तोफेला हात घातला. पुढच्याच वर्षी शिवाजी महाराजांनी राजापूर घेतले, वखार खणून काढली आणि हेन्री रेव्हिंग्टनसह तिथल्या इंग्रजांना कैद केले. त्यांतल्या काहींना महाडजवळच्या सोनगडावर ठेवले होते. १६०७ च्या डिसेंबरात जॉन स्मिथ पोव्हाटनच्या हाती सापडला आणि काही आठवड्यांत सुटला. ती कथा जगभर गाजली. सोनगडावरचे इंग्रज सुटायला १६६३ उजाडले, तरी त्यांची कथा महाडच्या मुलालाही सहसा ठाऊक नसते.

१६७४ च्या मे महिन्यात हेन्री ऑक्झिंडेन नजराणे घेऊन पाचाडास आला. गडावर जाण्यासाठी त्याला थांबून राहावे लागले. ६ जूनला राज्याभिषेक पाहून, हिऱ्याची अंगठी नजर करून त्याने आपल्या मागण्या मान्य करून घेतल्या : राजापूरच्या नुकसानीची भरपाई, बंदरांत वखारी, अडीच टक्के जकात. नाणी आणि किनाऱ्याला लागलेली फुटकी जहाजे या मुद्द्यांवर घासाघीस झाली. करार झाला तो दोन पक्षांत, आणि त्यात वरचा पक्ष कोणता हे ऑक्झिंडेनला पाचाडातच कळले होते.

हे पारडे फिरले ते सावित्रीच्या मुखाशी. पेशवे नानासाहेबांना तुळाजी आंग्र्याचा बंदोबस्त करायचा होता, आणि त्यासाठी त्यांनी इंग्रजांचे आरमार जोडीला घेतले. १७५५ मध्ये कमोडोर जेम्सने सुवर्णदुर्ग घेतला, पाठोपाठ बाणकोटही हाती आले. फेब्रुवारी १७५६ मध्ये विजयदुर्गाच्या धक्क्याशी आंग्र्यांची गलबते जळून गेली. ठरल्याप्रमाणे विजयदुर्ग पेशव्यांना मिळायचा होता, पण इंग्रजांनी चालढकल केली. अखेर ऑक्टोबर १७५६ च्या तहाने विजयदुर्ग परत आला, आणि त्याबदली बाणकोट काही गावांसह कंपनीचे झाले. त्या गावांत दासगावही होते.

मराठ्यांच्या बाजूने पाहिले तर यात तोटा दिसत नव्हता. विजयदुर्गापुढे बाणकोट म्हणजे केवढेसे! इंग्रजांना मात्र मुंबईच्या दक्षिणेस गोडे पाणी, जहाजांसाठी ताजे मांस आणि सुरक्षित खाडी हवी होती. किल्ल्याला त्यांनी फोर्ट व्हिक्टोरिया म्हटले. हे नाव राणीचे नव्हे, तिचा जन्म व्हायला अजून ६३ वर्षे होती. सौद्याचे मोल किल्ल्याच्या आकारावरून ठरवले गेले आणि नदीकडे कुणी पाहिले नाही, हा नानासाहेबांच्या कारभारातला मोठा दोष म्हटला पाहिजे. स्वराज्याची राजधानी ज्या नद्यांच्या कुशीत वसली, त्या नद्यांचा समुद्राकडचा दरवाजा आता दुसऱ्याच्या ताब्यात होता. महाडचे गलबत बाहेर पडे ते कंपनीच्या तोफांखालून.

१८०२ मध्ये यशवंतराव होळकरांपुढून पळालेला दुसरा बाजीराव महाडला आला आणि तिथून इंग्रजांच्या आश्रयाने वसईला पोहोचला. त्याच वर्षाच्या ३१ डिसेंबरला वसईचा तह झाला. मे १८१८ मध्ये प्रॉथरच्या तोफांनी रायगड जाळला. बाणकोट हातचे गेले त्याला तेव्हा ६२ वर्षे होत आली होती.

कंपनीने दक्षिण कोकणचा कारभार आधी बाणकोटातूनच चालवला. १८२२ मध्ये मुख्य ठाणे रत्नागिरीला गेले आणि बाणकोटचे दिवस सरले. खाडी गाळाने भरत गेली, रस्ते झाले, महाडचे बंदर नावापुरते उरले. आज बाणकोट किल्ल्याजवळ खाडी ओलांडायला वेसवी-बागमांडला फेरीबोट आहे. पर्यटकांच्या मोटारी तिच्यावर चढतात, आणि पावसाळ्यात खालून काळ, गांधारी, सावित्रीचे तांबडे पाणी समुद्राकडे जात असते.